एकांगी आहे म्हणूनच दाखवा

जगात काय चाललंय ते मुलांना लघु माहितीपट दाखवून शिकवावं, असं म्हटलं की शिक्षकांच्या खोलीत पहिला आक्षेप ठरलेला असतो: पोरं आधीच दिवसभर मोबाइलला चिकटलेली, आता शाळेतही पडदाच? याच्यावर फार वेळ घालवायला नको. घरी मूल एकटं पाहतं, अंगठ्यानं वर सरकवत. वर्गात चाळीस जण एकच गोष्ट शेवटपर्यंत पाहतात आणि मग तिच्यावरून भांडतात. दोन्हीकडे पडदा आहे, साम्य तेवढंच.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. माहितीपट एकांगी असतो. करणाऱ्याला काहीतरी पटवून द्यायचं असतं. संगीत आणि रडणारे चेहरे यांच्या जोरावर तो कच्च्या वयाच्या मुलांना आपल्या बाजूला ओढतो. त्यापेक्षा तटस्थ पाठ्यपुस्तक बरं. या म्हणण्याला मीच एक भक्कम पुरावा देतो. ऑर्लांडो फॉन आइन्सिडेल यांचा ‘द व्हाइट हेल्मेट्स’ हा ४० मिनिटांचा माहितीपट. सीरियात बॉम्बहल्ल्यानंतर ढिगाऱ्याखालून माणसं काढणाऱ्या स्वयंसेवकांवरच्या या माहितीपटाला २०१७ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यातलं अलेप्पो शहराचं चित्रण करणारा खालेद खतीब हा याच स्वयंसेवकांच्या संघटनेचा माणूस. संघटनेला ब्रिटन-अमेरिकेच्या सरकारांचा पैसा मिळत होता. असद सरकार आणि रशिया तिला दहशतवाद्यांची साथीदार म्हणत होते. आणि शहरावर बॉम्ब टाकणारी विमानं त्यांचीच होती. म्हणजे इथे कॅमेराही बाजू घेतो, आरोप करणाराही बाजू घेतो.

मग काय, दाखवायचा नाही? माझं म्हणणं नेमकं उलट आहे. वरची सगळी माहिती फळ्यावर लिहा आणि मग दाखवा. दहावी-बारावीच्या मुलाला हे झेपतं. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेलं बाळ खरं आहे आणि ते टिपणारा माणूस त्या संघटनेतला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायला शिकणं म्हणजेच बातमी वाचायला शिकणं. माहितीपटाच्या शेवटी नामावली असते: कोणी काढला, कोणी चित्रित केला, पैसा कोणाचा. आपण ती सुरू झाली की दिवे लावतो. खरं तर तास तिथून सुरू व्हायला हवा. ‘निर्वासितांचा प्रश्न गंभीर बनला’ या पाठ्यपुस्तकातल्या वाक्यामागे कोण आहे, ते लिहिताना त्यानं कोणाला विचारलं आणि कोणाला नाही, हे त्या वाक्यावरून मुलाला कधीच कळत नाही. तटस्थता म्हणतात ती पुष्कळदा एवढीच असते.

त्याच वर्षी त्याच ऑस्करच्या स्पर्धेत ‘फोर पॉइंट वन माइल्स’ हाही माहितीपट होता. डाफ्नी मात्झियाराकी यांचा, जेमतेम २२ मिनिटांचा. तुर्कस्तानचा किनारा आणि ग्रीसचं लेस्बॉस बेट यांच्यातलं अंतर ४.१ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर. २०१५ मध्ये आश्रय शोधणारी साडेआठ लाखांहून अधिक माणसं समुद्रातून ग्रीसला पोहोचली, त्यातली निम्म्याहून जास्त या बेटावर उतरली. माहितीपट दाखवतो तो तटरक्षक दलाचा एक कप्तान, किरियाकोस पापादोपोलोस, आणि त्याची छोटी तुकडी. बोट भरून माणसं काढायची, धक्क्यावर उतरवायची, परत जायचं. पाहताना घशात काहीतरी अडकतं.

पण यात काय नाही? आयवालिकहून लेस्बॉसच्या मितिलिनीला तिकीट काढून जाता येईल अशी फेरीबोट आहे. मग ही माणसं रबरी होडीच्या दलालाला पैसे का मोजतात? कारण युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार, कागदपत्रं नसलेला प्रवासी आणला तर वाहतूक कंपनीला दंड होतो आणि त्याला परत नेण्याचा भारही तिच्यावरच पडतो. त्यामुळे तिकीटखिडकीवरचा कारकूनच सीमेचा पहारेकरी होतो. कप्तानाच्या बोटीवरून ही तिकीटखिडकी दिसत नाही. ती दाखवायला शिक्षक लागतो, भिंतीवरचा नकाशा लागतो. आणि तो माहितीपट नसता तर या कायद्याच्या कलमाकडे एकाही मुलानं मान वर करून पाहिलं नसतं.

‘मुलांना असली दृश्यं नकोत’ म्हणणाऱ्या पालकांची काळजी मला समजते. पाचवी-सहावीच्या वर्गात मीही हे दाखवणार नाही. पण सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या वाळूत पालथा पडलेल्या आलान कुर्दी या बुडून मेलेल्या निर्वासित बालकाचा फोटो आपल्याकडच्या फोनांवरही फिरला. पाठीशी कोणी मोठं माणूस नसताना, मागचं-पुढचं काही न सांगता. त्यापेक्षा वर्गातली २२ मिनिटं कमी क्रूर आहेत.

जुन्या पिढीचा विरोध वेगळ्या कारणानं असतो. चित्रपटाआधी सक्तीनं दाखवले जाणारे सरकारी फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट त्यांना आठवतात: धरणं, उद्घाटनं आणि तो धीरगंभीर निवेदक. त्यांचा कंटाळा रास्त आहे. मात्र त्याच फिल्म्स डिव्हिजनसाठी एस. एन. एस. शास्त्रींनी १९६७ मध्ये ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ केला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या पोरांना देशाबद्दल मोकळेपणी बोलू दिलं. तेव्हा खोट माध्यमाची नव्हती.

माझा खरा वैरी आक्षेपकांत नाही, समर्थकांत आहे. तपासणीच्या दिवशी प्रोजेक्टर लावायचा, मुलांना गप्प बसवायचं, संपल्यावर ‘कसा वाटला?’ विचारून हजेरी घ्यायची, असा ‘उपक्रम’ मला नको. यापेक्षा फळा आणि खडू शंभर पटीनं बरा. तासिका ३५ मिनिटांची असेल तर २२ मिनिटांनंतर १३ उरतात. ती वादासाठी राखायची नसतील तर माहितीपट लावूच नये.

राहता राहिला परीक्षेचा सवाल: यावर विचारणार काय? बारावीच्या राज्यशास्त्रात १९९१ नंतरचं जग आहेच. तिथे पाच गुणांना विचारा: ‘पाहिलेल्या माहितीपटात कोणाला बोलू दिलेलं नाही? ते बोलले असते तर काय म्हणाले असते?’ याचं आदर्श उत्तर आधीच छापून ठेवता येणार नाही, म्हणून गाइडवाले नाराज होतील. होवोत.