चारनंतरचे रिकामे टेबल

हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि शहाड-उल्हासनगरच्या बाजारात खरे गिऱ्हाईक नेमके त्याच वेळी येऊ लागते. चौविहाराचा नियम पाळणाऱ्या दुकानदारापुढे मग दोनच वाटा उरतात. ऐन गर्दीच्या तोंडावर गल्ला मुलाच्या हाती सोपवून घर गाठावे, किंवा डब्यातले गार अन्न काउंटरमागे घाईघाईने संपवावे. ज्याचे घर डोंबिवलीला किंवा ठाण्याला आहे, त्याला पहिली वाट बंदच. अनेक घरांत हा नियम सुटला, त्याचे कारण साडेपाचला ताट मिळत नाही, एवढेच असते.

बाजाराला लागून बसण्याजोगे, कॉफीबरोबर जेवणही देणारे ठिकाण कसे चालते, याचा जुना नमुना मध्य रेल्वेवरच आहे. माटुंगा स्थानकाजवळ, मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, ए. रामा नायक यांनी 1942 साली ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ सुरू केले. केळीच्या पानावरचे ते जेवण आजही मिळते. आसपास कॅफे मद्रास, रामाश्रय यांसारखी इडली-डोसा आणि फिल्टर कॉफीची उपाहारगृहे आहेत, आणि याच वस्तीत कच्छी जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

हे सान्निध्य दिसते तितके योगायोगाचे नाही. उडुपीच्या मंदिर-परंपरेतील स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य. तिथल्या मठांत चातुर्मासाचे चारही महिने व्रताचे: पहिल्यात भाज्या, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल धान्य सोडायचे. ‘द्विदल’ हा शब्द जैन घरांनाही परिचित आहे. नियम मात्र निराळा. आपल्याकडे न तापवलेल्या दूध, दही, ताकाचा कडधान्याशी संयोग टाळतात, म्हणून दहीवडा करायचा तर दही आधी तापवून घेतात. व्रताची भाषा कळणाऱ्या स्वयंपाक्याला हे समजावून सांगणे सोपे जाते. तरी उडुपी पाटी दिसली म्हणजे ताट निर्दोष, असे समजू नये. बाजारातल्या सांबारात बहुधा कांदा असतो, मसाला डोशात बटाटा असतोच, आणि इडलीचे पीठ आदल्या रात्रीचे असते, जे काटेकोर नियमाच्या घरांत चालत नाही.

आता हिशेबाची बाजू. नुसत्या कॉफीवर जागेचे भाडे निघणे अवघड असते, कारण कॉफी पिणारा बसतो जास्त आणि देतो कमी. मुंबईत चर्चगेटला 1936 साली पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ निघाले, ते देशात कॉफीचा खप वाढवण्यासाठी. त्यामागे कॉफी सेस कमिटी होती. पुढे कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास सुरुवात केली, तेव्हा कामगारांनी 1957 पासून सहकारी संस्था स्थापून ‘इंडियन कॉफी हाऊस’ चालवून दाखवले. त्यांच्याही खाद्यपत्रिकेत कॉफीसोबत डोसा, कटलेट आणि अनेक ठिकाणी पूर्ण जेवण आले. (केरळातील कटलेटमध्ये बीट असते, हे प्रवासात ध्यानी ठेवावे.)

कोणत्याही उपाहारगृहात दुपारचे जेवण आटोपल्यावर सायंकाळची गर्दी सुरू होईपर्यंतचा काळ तोट्याचा. भाडे, पगार, कर्जाचा हप्ता हे खर्च चालूच राहतात आणि टेबले मात्र रिकामी. चौविहाराची वेळ, विशेषतः हिवाळ्यात, बरोबर या पोकळीत बसते. समजा, पंधरा व्यापाऱ्यांनी प्रत्येकी 120 रुपयांचे ताट महिन्यातील 26 दिवस घेतले, तर विक्री 46,800 रुपयांची होते. त्यातून शिधा, गॅस आणि लागलेच तर थोडे जादा मनुष्यबळ वजा जाईल, पण भाड्याचा एक रुपयाही वाढणार नाही. कर्जाचा अर्ज तपासणाऱ्याला असा ग्राहक फार आवडतो: ठरलेली संख्या, ठरलेली वेळ, उधारी नाही.

मात्र पुढाकार ग्राहकानेच घ्यायचा आहे. एकट्याने जाऊन ‘जैन मिळेल का’ विचारले, तर घाईत कांदा बाजूला काढून ताट पुढे येते. पंधरा जणांनी महिन्याचे पैसे आगाऊ भरले, तर मालक वेगळे पातेले चढवतो. बटाट्याऐवजी कच्चे केळे घातलेली पावभाजी मुंबईच्या खाद्यपत्रिकांत आली, ती मागणारे पुरेसे झाले म्हणूनच. ज्या घरातील मुलाला शहाडला कॅफे काढायचा आहे, त्याने तर सजावटीचा खर्च ठरवण्याआधी आसपासच्या दुकानांत फिरून साडेपाचचे ग्राहक मोजावेत. पर्युषणात ही संख्या वाढेल आणि हिरव्या भाज्या बंद होतील. तेव्हा त्या दिवसांसाठी मूग, चणे, डाळी यांचा शिधा आठवडाभर आधीच भरून ठेवावा लागेल.