‘ध’चा ‘मा’ आणि विज्ञानरहस्यकथा

मराठी विज्ञानकथेची समीक्षा बहुधा दोन कसोट्यांवर चालते : कथेतील विज्ञान अचूक आहे काय आणि कथा कलादृष्ट्या सिद्ध झाली आहे काय. परंतु विज्ञानकथा रहस्यकथेचे रूप घेते तेव्हा तिसरी कसोटी अपरिहार्य ठरते. अशा कथेत ध्वनिफीत, चित्रफीत किंवा संगणकातील नोंद साक्षीदाराच्या जागी उभी असते. ही नोंद बनावट असेल, तर ती बनावट वाचकाला कोणत्या मार्गाने कळते, यावर कथेचे मोल अवलंबून राहते.

हा प्रश्न मराठी मनाला नवा नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ केला, ही हकीकत इतिहासाच्या दृष्टीने विवाद्य असली तरी वाक्प्रचाराच्या रूपाने ती भाषेत कायम झाली. बनावटीचे सारे मर्म तीत आले आहे. कागद खरा, हुकूम खरा. खोटे केवळ एक अक्षर. मात्र खाडाखोड कागदावरची असल्याने तिची खूणही कागदावर उरण्याचा संभव होता. संगणकीय नोंदीत बदललेला भाग मूळ भागाइतकाच निर्मळ दिसू शकतो. साहजिकच तपास नोंदीच्या बाहेर न्यावा लागतो.

विज्ञानकथेत लेखक ऐन वेळी हवे ते यंत्र निर्माण करू शकतो, म्हणून तीत प्रामाणिक रहस्य संभवत नाही, असा आक्षेप संपादक जॉन कॅम्पबेल यांनी घेतला होता. आयझॅक असिमोव्ह यांनी ‘द केव्हज ऑफ स्टील’ (१९५४) लिहून त्यास उत्तर दिले. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील ‘कोर्ट मार्शल’ (१९६७) हा भागही याच दृष्टीने अभ्यसनीय आहे. सहकाऱ्याच्या मृत्यूस कप्तान कर्क जबाबदार असल्याचे जहाजाच्या संगणकातील चित्रनोंद दाखविते. ती खोटी आहे हे कोणतेही नवे यंत्र सांगत नाही. संगणकात बुद्धिबळाचा डाव स्पॉकने स्वतः घातलेला असतो. त्याच्याशी फार तर बरोबरी साधेल, हे तो जाणतो. तरीही तो डावामागून डाव जिंकतो, तेव्हा संगणकाच्या स्मृतीत ढवळाढवळ झाल्याचे उघड होते. नोंद सांभाळणारा माणूसच नोंद बदलणारा निघतो. तपास करणाऱ्याची भूमिका घेऊन बसलेल्या वाचकाला वा प्रेक्षकाला येथे फसविल्यासारखे वाटत नाही.

मराठीत या दिशेची सामग्री आहे. तिचा विकास मात्र अपुरा आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पर्यायी इतिहासाचा पुरावा म्हणून एक फाटके पान पुढे येते. त्या पानाच्या खरेपणावर कथा रेंगाळत नाही, कारण तिचे लक्ष्य वेगळे आहे. गंमत अशी, की नारळीकरांनी स्वतः १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात पाठविली होती. हस्ताक्षर ही ओळखीची खूण असते आणि ती बदलता येते, हे जाणणाऱ्या लेखकाच्या परंपरेत बनावट नोंदीची रहस्यकथा बहरावयास हवी होती.

सेलूसारख्या गावातील विद्यार्थ्याला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. जमीन, वारसा, जात यांचे निर्णय जुन्या दप्तरावर कसे अडतात, हे मराठवाडा पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. शेजारच्या जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्‌भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात उमेदवारी अर्ज मुदतीत आले की नाही, यासाठी निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण पुढे आले. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ यंत्र हजर न करता प्रत दाखल करावयाची असेल, तर कायद्यातील प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची अट कायम आहे. चित्रफितीत काय दिसते, एवढ्याने न्यायालयाचे समाधान होत नाही. ती कोणत्या यंत्रातून निघाली आणि त्या यंत्रावर कोणाचा ताबा होता, हेही त्याला हवे असते.

न्यायालय जी शंका घेते ती कथाकाराने का घेऊ नये? अखेरच्या पानावर एखादे अद्‌भुत उपकरण आणून नोंद खोटी ठरविणारी कथा वाचकाला एका यंत्रावरचा विश्वास काढून दुसऱ्यावर ठेवावयास शिकविते. उलट, नोंद कोणाच्या हातून गेली, तिच्यामुळे कोणाचे साधले, ती बदलणाऱ्याने कोणती सवय मागे ठेवली, अशा प्रश्नांतून उलगडणारी कथा विवेक जागा करते. कोणाचाही आवाज, कोणाचाही चेहरा कृत्रिमरीत्या घडविता येऊ लागला असताना हा विवेक केवळ वाङ्‌मयीन गुण राहत नाही. पदव्युत्तर वर्गात विज्ञानरहस्यकथा शिकविताना त्यातील विज्ञान बरोबर आहे काय, याबरोबरच ‘मा’ कोणी केला आणि ते वाचकाला स्वतःच्या बुद्धीने ओळखता आले असते काय, हेही विचारले गेले पाहिजे.