‘फुल कॉपर’साठी जादा पैसे मोजू नका

डिश-टीव्ही बसवायच्या कामात उतरताय, तर पहिलं बंडल घेताना दुकानदार विचारणारच, “साधी देऊ की फुल कॉपर?” माझं मत स्पष्ट आहे. घरगुती डिशसाठी आतली तार पूर्ण तांब्याची हवी म्हणून जादा पैसे घालू नका. तेच पैसे वरच्या आवरणावर, जाळीवर आणि कनेक्टरवर घाला.

का? डिशसमोरचा एलएनबी उपग्रहाचा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर आणून केबलमध्ये सोडतो. एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या पोटातून जात नाही, कातडीवरून जातो. म्हणून पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा असला तरी भागतं. लोहचुंबक लावा, तार चिकटली तर ती पोलादाची. पण म्हणून टाकाऊ नव्हे. तांब्याचा खरा उपयोग बॉक्सकडून एलएनबीला वर जाणाऱ्या १३ किंवा १८ व्होल्टच्या डीसीला होतो, कारण डीसी अख्ख्या तारेतून वाहतो. केबल फार लांब ओढायची असेल तेव्हा तांब्याचा विचार करा. वीस-पंचवीस मीटरला गरज नाही.

आरजी-५९ मात्र डिशला नकोच. आरजी-६ केबल १००० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २० डेसिबल खाते, बारीक आरजी-५९ त्याहून बरीच जास्त. आणि दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, वायरलेस सेटची ५० ओहमची स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

आता आपल्या शिवाजी पेठेत या. भिंतीला भिंत लागून घरं, खाली जुनं बांधकाम, वर नवा मजला, त्यावर पत्रा. डिश वर, टीव्ही खाली सोप्यात. केबल पत्र्याच्या कडेला घासत, मे महिन्यात तापत आणि मग चार महिने भिजत खाली येते. इथं केबल मरते ती बाहेरून! घरातली पांढरी पीव्हीसी उन्हात तडकते. तडा गेला की पाणी आत शिरतं, आणि वातीत तेल चढावं तसं जाळीतून पुढं सरकतं. मग जाळीची पांढरी भुकटी होते. म्हणून बाहेरच्या कामाला काळी, पॉलिथिलीनच्या आवरणाची केबल घ्या. दुकानातच वीतभर सोलून बघा. जाळीचे धागे बोटावर मोजता येत असतील तर बंडल परत ठेवा.

कनेक्टरचंही तेच. हातानं पिळून बसवायचा कनेक्टर उघड्यावर नको. कॉम्प्रेशनचा वापरा, टूलला पैसे लागतात पण ही तुमची पहिली खरेदी असू दे. वर रबरी बूट घाला. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथंच ठिबकेल.

“सर, गिऱ्हाईक देत नाही हो जादा पैसे.” मान्य. पण हिशेब करा. समजा मीटरमागे सहा रुपयांचा फरक आहे. २५ मीटरला झाले दीडशे. जुलैत एक फुकट फेरी मारली की पेट्रोल गेलं, दोन तास गेले, त्या वेळचं दुसरं काम गेलं. आणि पेठेत फुटबॉलचं वेड किती आहे ते मी सांगायला नको. २०१८ चा वर्ल्ड कप जून-जुलैत होता, म्हणजे आपल्या ऐन पावसात. अशा वेळी ब्राझील-अर्जेंटिना करणाऱ्या गल्लीत चित्र गेलं, तर तुमचं नाव संध्याकाळपर्यंत तालमीत पोचतं.

गिऱ्हाइकाला खरं सांगून ठेवा, “काका, मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जाईल, त्याला कुठलीच केबल उपाय नाही. पाऊस थांबून तासाभरानंही आलं नाही, तर मला फोन करा.” पिशवीत उन्हात तडकलेल्या जुन्या केबलचा एक तुकडा ठेवा. तो हातात दिला की दीडशे रुपयांचं बोलणं लवकर मिटतं. आणि बिलावर नुसतं ‘केबल’ लिहू नका. ‘आरजी-६, काळी, बाहेरची, २५ मीटर’ असं लिहा, कनेक्टरची ओळ वेगळी.