फोन जोडू द्या, पण रीतसर

शाळेच्या संगणक कक्षाच्या दारावर पाटी आहे : 'मोबाईल संगणकाला जोडू नये.' पाटी लावणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी आम्हाला शंका नाही. तरीही ती काढावी असे आमचे मत आहे. त्याला या वार्तापत्राचाच एक जुना अनुभव कारण आहे.

२००५ साली मजकूर घरी टाइप करून रावपुऱ्यातल्या छापखान्यात न्यावा लागे. फ्लॉपीत मावायचे १.४४ एमबी, एक-दोन चांगले फोटो घातले की ती भरली. आमच्यातल्या एका पालकांकडे तेव्हा तळहातावर मावणारा संगणक होता. पत्ते, भेटीच्या वेळा, हिशेब ठेवायचा आणि काडीने लिहायचा. केबल लावली की तो मोठ्या संगणकातल्या याद्यांशी आपल्या याद्या जुळवून घेई. त्याच वाटेने आम्ही मराठी मजकूर आत घालून पाहिला, तर पडद्यावर नुसती चौकोनांची रांग! त्याला देवनागरी येतच नव्हती.

मग कळले की त्यातले मेमरी कार्ड संगणकाला पेन ड्राइव्हसारखे दाखवणारा प्रोग्रॅम मिळतो. (पाम कंपनीने २००४ च्या टंगस्टन टी५ मध्ये तर ही सोय आतच दिली होती.) तो चालू करून केबल जोडली की 'माय कॉम्प्युटर'मध्ये नवी ड्राइव्ह दिसे. फाइल त्यात टाकायची, छापखान्यात जाऊन काढायची. छापखान्यात तोच फॉन्ट असल्याने अक्षरे जशीच्या तशी उमटत. यंत्राला मराठी वाचता येत नव्हते, पण वाहून नेता येत होते. पोस्टमन तरी कुठे पाकीट फोडून वाचतो?

एक फटका मात्र बसला. शाळेच्या बारा माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आम्ही त्याच यंत्रावर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. चार कार्डावर होत्या, आठ यंत्राच्या मूळ मेमरीत. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत ही मेमरी बॅटरीच्या जिवावर टिके. मे महिन्याच्या सुट्टीत यंत्र खणात पडून राहिले, बॅटरी पूर्ण उतरली आणि त्या आठ आठवणी पुसल्या गेल्या. त्या आठांपैकी दोघे आज हयात नाहीत. वेळीच संगणकावर एक प्रत काढली असती, तर!

आज तळहातावरचा संगणक म्हणजे फोन. आपल्या पुष्कळ मुलांच्या घरी दुसरा संगणक नाही. आजीची मुलाखत, प्रकल्पाचे फोटो आईच्या फोनात असतात. शाळेत ते उतरवून घेता येत नाहीत म्हणून मूल झेरॉक्सच्या दुकानात जाते आणि दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवते. फोटोचा दर्जा उतरतो तो उतरतोच, शिवाय आईचा नंबर अनोळखी माणसाकडे जातो. पाटी लावताना याचा विचार झाला होता का?

व्हायरसची भीती खोटी नव्हे. विंडोज एक्सपीच्या काळात पेन ड्राइव्हमधला प्रोग्रॅम ऑटोरनमुळे आपोआप सुरू होऊ शके. विंडोज ७ मध्ये, म्हणजे २००९ साली, ती वाट बंद झाली. २०११ मध्ये एक्सपीसाठीही तशी सुधारणा आली. आजचे अँड्रॉइड फोन जुन्या यंत्रासारखे अख्खे कार्ड संगणकाच्या हवाली करत नाहीत. संगणक मागेल ती फाइल फोन स्वतः काढून देतो. तरी बाधित फाइल उतरवून उघडली तर अपाय होतोच. म्हणून सगळे संगणक खुले करा, असे आम्ही म्हणत नाही.

एकच संगणक द्यावा. त्यात अँटिव्हायरस असावा आणि फी व गुणपत्रकांच्या संगणकांशी तो जोडलेला नसावा. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर शिक्षकांनी तिथे थांबावे. फोन मुलाच्याच हातात राहावा, 'फाइल ट्रान्सफर' त्यानेच निवडावे आणि हवी तेवढीच फाइल उतरवावी. आईच्या फोनातले बाकीचे फोटो पाहण्याचे कोणालाच कारण नाही.

विश्वस्त मंडळींनी एवढे मान्य केले, तर दोन्ही प्रकारच्या केबल आम्ही आणून देऊ. त्या वाचलेल्या चार आठवणीही पहिल्या शनिवारी घेऊन येऊ, मुलांना ऐकायला.