‘कझिन’ने गिळलेला भाऊ

मराठी मध्यमवर्गीय घरांत एक शब्द बिनबोभाट शिरला आहे : ‘कझिन’. चुलत, आते, मामे, मावस अशा चार नात्यांतले भाऊ आणि बहिणी, म्हणजे आठ प्रकारची माणसे, या एकाच शब्दात कोंबली जातात. बापाकडचा की आईकडचा, मुलगा की मुलगी, याचा त्यातून पत्ता लागत नाही. ज्या घरात हा शब्द रुळला, तिथल्या मुलाला आतेभाऊ म्हणजे नेमका कोणाचा कोण, हे आजीला विचारावे लागते. आजी जवळ राहात असेल तर!

गंमत अशी, की हा शब्द मुळात असा मोघम नव्हता. ज्या लॅटिन शब्दापासून तो आला, त्याचा मूळ अर्थ मावसभावंड. फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत त्याची धार गेली. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये तर राजा पुतण्यालाच ‘कझिन’ म्हणतो. इंग्रजी भाषाही पूर्वी इतकी दरिद्री नव्हती. जुन्या इंग्रजीत चुलत्याला ‘फॅडेरा’ आणि मामाला ‘एआम’ असे वेगळे शब्द होते. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, जेत्यांच्या फ्रेंचमधून ‘अंकल’ आला आणि कालांतराने त्याने दोघांचीही जागा घेतली. आपल्याकडचा जेता 1947 मध्ये निघून गेला. तरीही काका-मामांचे ‘अंकल’ आणि भावंडांचे ‘कझिन’ करण्याची हौस फिटत नाही, याला काय म्हणावे?

‘चुलत’, ‘मामे’ म्हणणे हा दुजाभाव आहे, असा युक्तिवाद काही सुशिक्षित करतात. तो साफ उलटा आहे. मराठी माणूस ‘मामेभाऊ’ म्हणतो तेव्हा ‘मामे’ हे केवळ विशेषण असते. माणूस भाऊच राहतो. इंग्रजी त्याला भाऊ म्हणतच नाही. शाळकरी मुले हा शब्द लिहिताना मध्येच झेड घालतात किंवा शेवटी ई जोडून त्याची पाककृती करून टाकतात. त्या चुका शिक्षकांनी सुधारल्याच पाहिजेत. पण ‘कझिन ब्रदर’ ही चूक निराळ्या जातीची आहे. इंग्रजीच्या नियमाने त्यातला ‘ब्रदर’ अनावश्यक, म्हणून त्यावर तांबडी रेघ ओढली जाते. मुलाला मात्र भावाला भाऊ म्हटल्यावाचून राहवलेले नसते.

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. सुतक भाऊबंदांत दहा दिवस धरतात, मामे-मावस नात्यांत तसे नाही. मराठी समाजातील अनेक ज्ञातींत मामेबहिणीशी विवाह रूढ आहे. चुलतबहिणीशी त्याची कल्पनाही कोणी करीत नाही. इरावतीबाई कर्वे यांनी भारतीय नातेव्यवस्थेवरील आपल्या 1953 च्या इंग्रजी ग्रंथात हे भेद बारकाईने मांडले, तेव्हा त्यांनाही एकट्या ‘कझिन’वर विसंबून चालले नसते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात निषिद्ध नाती सांगताना कायदेकारांनी भाऊ-बहिणीची अपत्ये, दोन भावांची अपत्ये, दोन बहिणींची अपत्ये अशी फोड केली आणि रूढीला अपवाद ठेवला. कायदा इंग्रजीत लिहिला गेला; ‘कझिन’ हा शब्द त्या व्याख्येत नाही.