गळके इंजिन आणि घाटाची वाट

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि चाकांवरचे घर घेऊन कोकणात उतरण्याची हौस राजमान्य झाली. हौसेला मोल नसते, हे खरे. पण अशा जड गाडीच्या इंजिनातून तेल ठिबकू लागल्यावर ‘वरून डबा ओता आणि चला’ हा आपला सर्वमान्य तोडगा घातक ठरतो. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला, की इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे. पुढचे गाव गाठण्याच्या मोहात बेअरिंगे जळतात. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडले तर आगीचा धोका, आणि या घरात स्वयंपाकाचा गॅसही असतो! वास्तविक गळती पुष्कळदा तळाचे बूच वा ऑइल फिल्टर सैल राहिल्याने होते. ते काम पान्याच्या दोन आट्यांचे.

आमचा आक्षेप मात्र निराळाच आहे. गळकी गाडी रेटणारा वळणावळणावर तेलाचा माग सोडून जातो. आत निजलेल्यांना त्याचा पत्ता नसतो. पावसाच्या पहिल्या सरीत त्यावरून घसरतो तो सकाळच्या शाळेला निघालेला दुचाकीवरचा शिक्षक. गाडी भाड्याने देणाऱ्याने प्रत्येक फेरीपूर्वी इंजिनाखालची तपासणी करून तिची सहीनिशी नोंद प्रवाशाच्या हाती द्यावी, ही अट घालणे परिवहन खात्याला अवघड जाऊ नये.