वाचल्याशिवाय बटण नाही



१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांचा रोख कर्जखतांवर होता. अंगठा शेतकऱ्याचा, पण कागदात काय आहे ते सावकारालाच ठाऊक. सरकारला १८७९ साली दख्खनसाठी कायदा करावा लागला आणि कर्जखतामागचा खरा व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

आज कोऱ्या कागदाची जागा मोबाईलने घेतली आहे. सेवा केंद्रावर 'ओटीपी सांगा' म्हटले की आपण सांगतो. पडद्यावर इंग्रजीची दहा पाने आणि खाली एक बटण : 'मला अटी मान्य आहेत'. मागे रांग उभी, नेटवर्क जाण्याची धास्ती. आपण दाबून मोकळे होतो.

मोकळे होत नाही, बांधले जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे, करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. 'मी तर नुसते बटण दाबले' हे उत्तर चालणार नाही.

मग वाचायला सवड मिळते का? कर्जापुरती ती मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तीला दिल्या जाणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जात व्याज, शुल्क, हप्ते यांचे मुख्य विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जात विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. विवरणपत्रात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. मोबाईलवरून घेतलेले कर्ज परत करून बाहेर पडायलाही किमान एक दिवस आहे. तेवढ्या दिवसांचे व्याज आणि फार तर प्रक्रिया शुल्क द्यावे लागते, दंड नाही.

दुचाकीच्या कर्जाला जी सवड, ती पीकविम्याला का नाही? गारपिटीने शेत झोपले तर ७२ तासांत कळवायची जी अट होती, ती अर्ज भरताना आपल्यापैकी किती जणांना कोणी वाचून दाखवली? २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर नोंदणीही मोबाईलवर आली. उद्या व्यापाऱ्याचा सौदाही तिथेच होईल. आमचा यंत्राला विरोध नाही. चांगले यंत्र शेतकऱ्याच्या घरी आधी यावे, असेच आम्ही म्हणतो. पण करार दोघांचा असतो. एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने न वाचता मान्य करायचा, हा करार नव्हे, हुकूम झाला.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अटी मराठीत द्या, मोठ्या अक्षरात द्या, कागदावर द्या आणि घरी नेऊन विचार करायला तीन दिवस द्या. जिवतीच्या डोंगरात आणि भामरागडच्या जंगलात जिथे नेटवर्क येते-जाते, तिथे तर ही सवड हवीच.

सरकार देईल तेव्हा देईल. आपण आजच ठरवू : शिकलेल्या पोराने किंवा पोरीने अटी मोठ्याने वाचाव्यात, घरधनिणीने ऐकाव्यात, मगच ओटीपी सांगावा. घाई करणाऱ्याला एकच उत्तर : आधी वाचून दाखव.